ध्रुवाच्या आड आलेला दिवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. तिच्यापासून माझ्या खिशातली तंबाखूची पुडी लपत नाही, पण हे लपलं. दर कार्तिकात वाटतं, यंदा सांगून टाकू — आणि दर वर्षी मी भलतंच काहीतरी बोलतो. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. मध्येच अडखळलो तर जरा थांबा.

आधी फोटोचं सांगतो. ते सोपं आहे.

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, हात धुवायच्या बेसिनच्या वर, एक फोटो लावलाय. काळ्या आकाशात लालसर, धुरकट असा एक ढग, त्यात बारीक तारे. हंस नावाच्या तारकासमूहात, त्याच्या शेपटीच्या ताऱ्याजवळ हा तेजोमेघ आहे. आकार उत्तर अमेरिकेच्या नकाशासारखा, म्हणून नावही तेच पडलंय. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. नवीन आलेली पोरं विचारतात, "सर, ये नेट से निकाला है?" मी म्हणतो, नाही, मी काढलाय, खंडेराव गेटच्या आतल्या गच्चीवरून. ते खरं आहे. फोटोत काही खोट नाही.

मी मूळचा सांगलीचा. सरकारी कंपनीत इंजिनिअर. झाशीला बदली झाली तेव्हा क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून जुन्या शहरात, त्या खंडेराव गेटच्या आत एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. शेजारची गच्ची आमच्या गच्चीला लागून, मध्ये गुडघाभर भिंत. त्या घरात माई एकट्या राहायच्या. त्यांच्या सासरचे पूर्वज पेशवाईत इकडे आलेले. यजमान शाळेत संस्कृत शिकवायचे. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. आम्ही सामान लावत होतो तेव्हाच माई वाटीभर साखरभात घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आमच्या मराठीला हसू नका बरं का. इथं बोलायला कुणी उरलंच नाही." मला त्या 'कुलकर्णीजी' म्हणायच्या. सांगलीत मला कुणी 'जी' लावलं असतं तर मी मागे वळून पाहिलं असतं, दुसरं कोण आलंय म्हणून.

सुजाताचं आणि त्यांचं मेतकूट लगेच जमलं. संध्याकाळी दोघी निवडायला बसायच्या. मी आपला गच्चीवर.

आता थोडं यंत्राचं. कंटाळू नका, लागणार आहे ते. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. कॅमेरा दोन मिनिटं उघडा ठेवला की ताऱ्यांच्या जागी रेघा उमटतात. त्यावर उपाय म्हणजे ट्रॅकर — तिपाईवर बसवायचं विटेएवढं एक यंत्र. ते कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या चालीनं हळूहळू फिरवत राहतं. शहराच्या उजेडात असे कितीतरी संध्याकाळचे तुकडे एकावर एक रचावे लागतात, तेव्हा एक फोटो होतो. मोठी, जड यंत्रंही मिळतात. मी मुद्दाम हलकं घेतलं, पाठीवरच्या पिशवीत मावणारं. सुजाताला पटवताना हेच तर सांगितलं होतं — हलकं आहे, शहराबाहेर नेईन, समथरच्या रस्त्याला काळोख चांगला असतो म्हणतात. गेलो का? नाही. दिवसभर कंपनीत उभं राहून आल्यावर कोण जातंय एवढं लांब. कुठेही नेता येईल असं यंत्र घेतलं आणि ते गच्चीवरून हलवलं नाही.

या यंत्राची एक अट असते. त्याचा आस ध्रुवाकडे नेमका रोखलेला हवा. त्यासाठी त्यात एक छोटी नळी असते, तिला डोळा लावून ध्रुव शोधायचा. झाशीत ध्रुव काही फार वर नसतो; समोरच्या गच्च्यांच्या थोडा वर, बस. आमच्याकडे पाण्याची टाकी, डिश, कपडे वाळत घालायच्या तारा — हे सगळं चुकवून ध्रुवही दिसेल आणि हंसही दिसेल अशी जागा एकच होती. तिथं तिपाईच्या तिन्ही पायांच्या खुणा मी सुजाताच्या नेलपॉलिशनं करून ठेवल्या होत्या. आणि त्या खुणांवर यंत्र ठेवून नळीतून पाहिलं की ध्रुवाच्या बरोबर आड यायचा माईंचा आकाशदिवा.

आपल्याकडे आता दिवाळीत रंगीत कागदाचा कंदील आणि आत बल्ब असतो, तसा नव्हे. माईंचा जुन्या पद्धतीचा. कठड्याला बांधलेला उंच बांबू, वर कप्पी, दोरीला काचेचा चौकोनी कंदील, त्यात तिळाच्या तेलाची पणती. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज तिन्हीसांजेला माई गुडघ्यावर हात टेकत जिना चढायच्या, दोरी सोडून कंदील खाली घ्यायच्या, तेल-वात करून पेटवायच्या आणि परत वर चढवायच्या. रात्रभर जळेल एवढं तेल. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून हा दिवा. गल्लीतल्या बाकीच्यांना ती दिवाळीची सजावट वाटायची. तो कशासाठी असतो हे माईंखेरीज आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

आणखी एक मुद्दाम सांगतो. माईंनी मला विचारलं होतं. अगदी पहिल्या संध्याकाळी, दोरीला गाठ मारता मारता — "कुलकर्णीजी, आमचा दिवा तुमच्या दुर्बिणीच्या आड येत नाही ना? येत असेल तर सांगा. त्या कोपऱ्यात बांधून घेऊ, भैयाला बोललं की दोन मिनिटांचं काम आहे." भैया म्हणजे गल्लीतला इलेक्ट्रिशियन, त्यानंच बांबू उभा केला होता.

मी काय म्हणालो असेन? "छे छे, माई. काही प्रश्न नाही."

आपल्यात नाही का, पोटात कावळे ओरडत असले तरी 'आत्ताच जेवून आलो' म्हणायची रीत — तसं. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या एका 'छे छे'नंतर मला दिवा हलवा म्हणायला तोंड राहिलं नाही. तोंड नव्हतं, पण हात होते.

हो. मी तो विझवायचो.

पहिल्यांदा विझवला तेव्हा मनात होतं — ध्रुव जुळवून झाला की लगेच परत लावू. शप्पथ मनात होतं. गुडघाभर भिंत ओलांडली, दोरी सोडली, काचेचं दार उघडून चिमटीत वात दाबली. यंत्र जुळवलं. मग वाटलं, हंस उतरतोय तोही त्याच बाजूला; दिवा लावला तर त्याची तिरीप भिंगात शिरेल. मग वाटलं, हाताला तेल लागेल. मग काहीच वाटलं नाही. विझलेला कंदील मी पुन्हा वर चढवला आणि दोरीला माईंच्यासारखीच गाठ मारली. आपोआप विझला असं दिसावं म्हणून. ती गाठ मी नीट पाहून मारली होती — मग मी कुणाला काय सांगतोय, की मनात वाईट नव्हतं?

खरं म्हणजे कोपऱ्यावरच्या हॅलोजनचा उजेड त्या पणतीच्या कितीतरी पट. पण तो नगर निगमचा. त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. पणतीला हात पोचत होता आणि तिच्या मागे एक एकटी बाई होती.

दिवाळीच्या आधीचे अंधारे दिवस होते. जितक्या संध्याकाळी ढग नव्हते तितक्या संध्याकाळी मी भिंत ओलांडली. दिवाळीत फटाक्यांचा धूर, सगळीकडे रोषणाई — तेव्हा फोटो निघत नाहीत, म्हणून तेवढे दिवस दिवा जळला. भाऊबीजेनंतर हवा स्वच्छ झाली आणि मी पुन्हा सुरू केलं. सुजातानं एकदा विचारलंसुद्धा, हाताला जळकट वास कसला येतोय? म्हटलं, यंत्राची वायर तापते. चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी मी तिच्याकडे न बघता जेवलो.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बरं, एक पणती विझवली. एवढं काय? मीही स्वतःला हेच म्हणत होतो.

चतुर्थीचा दिवस रविवार होता. सकाळी माई आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठच्या महालक्ष्मीचं दर्शन करून आल्या होत्या, कपाळावर ओला कुंकवाचा टिळा — देवीचा प्रसाद म्हणून त्या लावायच्या, कुणी काही म्हणो. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावेनात. मग सुजाताला म्हणाल्या, "बेटा, माझा दिवा टिकत नाहीये."

तेव्हा आम्हाला रेवाचं कळलं. माईंना एक मुलगी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. रेवानं जातीबाहेर लग्न केलं होतं, कानपूरला. यजमानांनी सांगून ठेवलं — ती या उंबऱ्याच्या आत येणार नाही, मी असेतो नाही आणि मी गेल्यावरही नाही. माईंनी ते पाळलं. फोनसुद्धा नाही. पण यजमान गेल्यावर त्यांना राहवेना. नवऱ्याचा शब्द मोडायची हिंमत होत नव्हती आणि मुलीशिवाय जीव रमत नव्हता. म्हणून त्या कोजागिरीला त्यांनी कौल लावला. देवाला नव्हे, यजमानांना. आकाशदिवा तर त्यांच्यासाठीच होता ना? तो रात्रभर जळला तर समजायचं त्यांची परवानगी आहे, तुळशीच्या लग्नाला रेवाला बोलवायचं. विझला तर समजायचं, नाही म्हणतात.

"आणि रोज विझतो," माई म्हणाल्या. "दिवाळीत जळला. मला वाटलं, विरघळले. तर पुन्हा तेच. तेल तसंच्या तसं, वात धड, काचेच्या आत वारा कुठला? मग कोण विझवतं?"

सुजाता त्यांचा हात धरून बसली होती. मी खुर्चीत होतो, हातात चहा. कोण विझवतं याचं उत्तर त्या खोलीत एकालाच माहीत होतं. तीन शब्दांचं उत्तर — माई, मी विझवतो. माईंनी काय केलं असतं? फार तर रडल्या असत्या. मग डोळे पुसून कानपूरला फोन लावला असता. मी तेल ओतून टाकलं असतं तरी त्यांना वाटलं असतं, तेल संपलं — एवढीसुद्धा अक्कल मला नव्हती. भरलेल्या पणतीनं त्यांचा नवरा रोज त्यांना 'नाही' म्हणत होता, आणि तो नवरा म्हणजे मी.

मी म्हणालो, "वातीवर कार्बन धरत असेल, माई."

अळीमिळी गुपचिळी. का गप्प बसलो? सुजातासमोर लाज वाटली म्हणून. 'छे छे' म्हणालो होतो म्हणून. ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्या मागे आणखी एक होतं. माझ्या फोटोला अजून एक संध्याकाळ हवी होती.

थांबा. इथंच मी दर वर्षी थांबतो.

जाता जाता माई म्हणाल्या होत्या, "आज शेवटचं मागणं मागितलंय ह्यांच्याकडे. मागचं सगळं जाऊ दे. आजची एक रात्र जळू दे. जळला तर उद्याच फोन करते पोरीला." आणि सुजाता म्हणाली, जळेल माई, बघा तुम्ही. त्या हसल्या. जिना उतरताना त्यांनी सुजाताला विचारलं, कानपूरहून येणारी गाडी किती वाजता पोचते.

एवढं सगळं मला माहीत होतं. संध्याकाळी माईंनी दिवा लावला. मी गच्चीवरच होतो. त्यांनी मला हात केला, मीही केला. चतुर्थीची कोर लवकर मावळली. हवा इतकी स्वच्छ होती की झाशीत तसं आकाश वर्षातून क्वचित मिळतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत चंद्र मोठा होणार, संध्याकाळभर वर राहणार, मग हंस गेला तो पुढच्या वर्षावर. मी स्वतःला काय सांगितलं, ऐका. म्हटलं, कौल-बिल सगळी अंधश्रद्धा. माई उद्या नाहीतर परवा फोन करतीलच, आईचा जीव आहे. म्हटलं, मी सकाळी उठून त्यांच्या आधी दिवा लावून ठेवीन. म्हटलं, एवढे दिवस विझलाच होता. असल्या वेळी डोकं किती झपाट्यानं चालतं!

मी भिंत ओलांडली आणि दिवा विझवला.

हात थरथरले वगैरे काही नाही. खोटं कशाला बोलू? मी त्या वेळी कॅमेऱ्याच्या फोकसचा विचार करत होतो. काम आटोपून खाली आलो, जेवलो, झोपलो. सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं. माई कार्तिकस्नानासाठी पहाटेच उठायच्या.

त्या दिवशी त्या आल्या नाहीत. सुजाता जाऊन आली आणि म्हणाली, कौल मिळाला नाही म्हणतात. आवाज अगदी साधा होता म्हणे त्यांचा. त्यानंतर दिवा रोज जळला, कारण मला त्याची अडचण उरली नव्हती. पण माईंनी मागणं संपवलं होतं. विचारून विचारून किती विचारायचं माणसाला, म्हणाल्या.

तुळशीचं लग्न त्यांच्या अंगणात झालं. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात. एक टोक सुजातानं धरलं. दुसरं लहानपणी रेवा धरायची, असं माई सहज बोलून गेल्या आणि ते टोक माझ्या हातात दिलं. मी ते नीट, उंच धरलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत खांदा दुखत होता, तरी खाली घेतलं नाही.

फोटो छान जुळून आला. त्या शेवटच्या संध्याकाळचे तुकडे सगळ्यांत चांगले निघाले. एक प्रत मोठी करून, फ्रेम करून मी माईंना दिली. का दिली? मलाही कळत नाही. काहीतरी द्यावंसं वाटलं. त्यांनी ती देवघरात, यजमानांच्या फोटोशेजारी ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. मला विचारलं, "आपली गेलेली माणसं तिथंच जात असतील का हो?" मी अंतर किती, प्रकाशाला यायला किती काळ लागतो, असलं काहीबाही सांगत बसलो. त्या ऐकत होत्या.

त्यानंतर पुष्कळ महिने मिळाले मला. आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो, तरी येणंजाणं होतं. प्रत्येक वेळी त्या दारापर्यंत सोडायला यायच्या, आणि प्रत्येक वेळी मी चपला घालण्यात वेळ काढायचो. भाद्रपदात त्यांना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. रेवाला फोन शेवटी सुजातानं केला.

रेवा आली. माईंसारखंच रुंद कपाळ. आत यायच्या आधी उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभी राहिली. कुणी अडवत नव्हतं, तरी. तेराव्याला सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. तिला मराठी समजतं, बोलताना अडखळते. म्हणाली, "भैया, तुम्ही तर रोज पाहत होतात. आईनी कभी माझं नाव घेतलं?"

विचार करा. तिनं दार स्वतःच उघडून दिलं होतं. तिच्या आईनं तिच्यासाठी कौल लावला होता, तिची गाडी किती वाजता पोचते ते विचारलं होतं — हे सांगायला मला काय हरकत होती? हरकत एवढीच की तिनं पुढे विचारलं असतं, मग बोलावलं का नाही? मी म्हणालो, "माई तशा कमीच बोलायच्या." रेवानं मान हलवली. तिला ते अपेक्षितच होतं, असं दिसलं.

सुजाता त्या वेळी आत भांडी आवरत होती. तिनं रेवाला कौलाचं सगळं सांगितलं असेल, असं मी किती दिवस धरून चाललो होतो. नंतर कळलं, तिनंही सांगितलं नव्हतं. 'वडिलांनी मेल्यावरही नाही म्हटलं, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगू?' म्हणाली.

घर विकायच्या आधी रेवानं आईची एकच वस्तू घेतली — तो फोटो. आईच्या देवघरात होता म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मी समथरच्या रस्त्याला गेलो. यंत्र पिशवीत, एका शेताच्या कडेला तिपाई. ध्रुव समोर मोकळा. तासाभरात तोच तेजोमेघ कँटीनमधल्यापेक्षा चांगला आला. जायला-यायला काही त्रास झाला नाही, पिशवीचं वजनही जाणवलं नाही. घरी येऊन मी ते सगळे फोटो पुसून टाकले.

यंदा कोजागिरीला रेवाचा मेसेज आला. कानपूरच्या फ्लॅटची भिंत, भिंतीवर तो लाल ढग, आणि त्याच्या खाली पेटलेली पणती. गच्ची आपली नाही म्हणून दिवा इथं लावते, असं लिहिलं होतं. आईनं शेवटपर्यंत माफ केलं नाही, पण तिचा दिवा मी बंद पडू देणार नाही, भैया.

मी उत्तरात नमस्काराचे दोन हात पाठवले.